मायचं नाव आणि मदतीला आलेला साहेब

निवडणुकीच्या कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन घरात ठाण मांडतात! आता कालचंच घ्या. पेपरात बातमी होती, कुठल्याशा देशात निवडणूक आहे आणि मदतीला आंतरराष्ट्रीय पथक रवाना झालंय. वाचली आणि माझं डोकंच फिरलं. बायको म्हणाली, "आता काहून पेपर आपटून राहिले? तुमचं काय घेतलं त्याइनं?"

काहून म्हणजे काय! आमच्याकडेही आला होता ना एक, मदतीला!

*

आपला वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर, तेव्हाची, स्वराज्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट. पहिल्यांदाच साऱ्यांना मत मिळणार होतं, बाईला, गड्याला, सगळ्यांना. मी अकोल्याच्या तहसिलीत निवडणूक शाखेत नवा कारकून. आम्ही माळी. बाप मळ्यात भाजी पिकवायचा आणि माय ती जठारपेठेत बसून विकायची. घरातला पहिला लेखणीवाला मी, त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नका.

मतदारांच्या याद्या करायला घरोघर हिंडलो. बाया दाराआडून बोलायच्या, नाव काही सांगायच्या नाहीत. मग आम्ही शेजारपाजारी विचारून लिहायचो, "किसनची बायको", "तुकारामची माय". संध्याकाळी आमच्या घरापाशी आलो. दमलो होतो. आत न जाताच ओट्यावर बसून लिहून टाकलं, "गोविंदाची माय". गोविंदा म्हणजे मीच!

पंधरा दिवसांत वरून हुकूम आला. खरं नाव नसेल तर ओळ खोडा. बरं, खोडायचं कोणी? ज्यानं लिहिलं त्यानंच! मी माझ्या हातानं माझ्या मायला लाल शाईनं कापलं.

घरी सांगितलं तर माय भाकरी थापता थापता थांबली.

"म्हंजे तुह्या बापाले मत, तुले मत, त्या दारुड्या नारायणले मत, अन् मले नाही?"

"एक महिन्याची मुदत दिली आहे माय. देतो लावून. काय घाई आहे?"

हे "काय घाई आहे" मला महिनाभर फार महागात पडलं.

*

त्याच महिन्यात साहेब आला. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्याला धाडलं होतं, निवडणूक कशी घ्यावी ते आम्हाला शिकवायला. उंच, लालभडक, आणि बरोबर तीन ट्रंका. आम्हाला वाटलं कपडे असतील. उघडल्या तर तिन्हीत फॉर्म!

दुभाषा म्हणून अमरावतीच्या कॉलेजातले एक प्रोफेसर दिले होते. माणूस विद्वान, पण त्यांची मराठी ऐकून आमच्या बाया पदर सावरून उभ्या राहायच्या. त्यांना वाटायचं कीर्तन सुरू झालं.

साहेबाचा पहिलाच प्रश्न, "मतदारांचा या प्रक्रियेवर विश्वास आहे का?"

नायब तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी आमचे चपराशी गुलाबराव यांच्याकडे पाहिलं. गुलाबराव म्हणाले, "साहेबाले सांगा, पहिले मत तं देऊ द्या, मंग इश्वास पाहू!"

प्रोफेसरांनी याचं भाषांतर पाच मिनिटं केलं. साहेबानं दीड पान लिहून घेतलं. त्यात काय लिहिलं ते देवाला ठाऊक.

*

दुसऱ्या दिवशी मी मायचा फॉर्म घेऊन बसलो. साहेब मागं येऊन उभा. विचारतो, "या बाई कोण?"

म्हटलं, "माझी आई."

"मग ही नोंद तुम्ही करू शकत नाही. निःपक्षपात!"

मी म्हटलं, "साहेब, तिनं मला जन्माला घातलंय. नुसतं तिचं नाव लिहिण्यात मी काय पक्षपात करणार?"

प्रोफेसरांनी याचं भाषांतर केलंच नाही. "जाऊ द्या हो," म्हणाले. झालं! नियम ठरला. कारकुनाच्या घरच्यांनी स्वतः कचेरीत यायचं, रांग लावायची, दुसऱ्या कारकुनापुढं नाव सांगायचं. बाकी पेठेतल्या बायांकडे सरकार घरी जाणार, आणि सरकारी कारकुनाच्या मायनं भाजीची टोपली टाकून कचेरी गाठायची. वा रे मदत!

*

मग साहेबानं डोकं चालवलं. बाया नावं सांगत नाहीत ना? नवऱ्यांना विचारा!

म्हटलं, मायची कचेरीची खेप तरी वाचेल, आणि मी बाजारात बापाकडेच गेलो. त्या दिवशी मायच्या जागी बसून वांगी तोलत होता. नोंद आमच्या शाखेतला दुसरा कारकून वानखडे करणार होता, तो फॉर्म धरून उभा. मी फक्त बघायला.

वानखडे म्हणाला, "बाबा, बायकोचं नाव सांगा."

"कोनाच्या?"

"तुमच्या!"

बापानं तराजू खाली ठेवला. टोपी काढली, परत घातली. गिऱ्हाईक ताटकळलेलं. शेवटी म्हणाला, "लगनात ठेवलं होतं बावा काहीतरी. याच्या आजीले मालूम होतं."

आजी जाऊन दहा वर्षं झाली होती.

"अहो मग तुम्ही त्यांना हाक कशी मारता?"

"हाक कायले माराची? खोकललं का येते!"

वानखडे हसून हसून वांग्यांवर पडायचा बाकी. मला मात्र हसू येईना. कारण बाप विसरला होता हे ठीक, पण मला तरी कुठं माहीत होतं?

*

तेल्हाऱ्याकडच्या एका गावात तर कहर झाला. तिथल्या बाया नाव द्यायला तयार झाल्या होत्या. पदरात तोंड घालून का होईना, स्वतःचं सांगायच्या. पण फॉर्मवर पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा. तिथं सगळं ठप्प! नवऱ्याचं नाव कोण घेणार? शेजारीण सांगायला जायची, तर साहेब बोट वर करायचा. मतदारानं स्वतःच सांगितलं पाहिजे!

दुपार झाली तरी एक ओळ भरेना. गुलाबराव वैतागले. "अवो, उखाण्यात घ्या ना बाप्पा!"

घ्या! सुरूच झालं. पहिली पुढं आली.

"तूर पेरली, पऱ्हाटी पेरली, मधात पेरली ज्वारी, किसनरावाचं नाव घेते, लिहून घ्या कारभारी!"

टाळ्या! मग दुसरी, मग तिसरी. जिची झाली ती परत रांगेत, आणखी चांगला आठवला म्हणून! एक म्हातारी तर नवऱ्याच्या नावाआधी अख्खं शिवार पेरून आली. दिवसभरात अकरा नावं झाली.

साहेबानं अहवालात लिहिलं, "या प्रदेशात मतदारांची नोंदणी काव्यात होते."

*

इकडे माय दोनदा कचेरीत येऊन परत गेली होती. पहिल्यांदा फॉर्म संपले होते. तीन ट्रंका फॉर्म, पण नेमका लागणारा एक नाही!

दुसऱ्यांदा आली त्या दिवशी साहेबाची सराव निवडणूक होती. लोकांना मत कसं टाकायचं ते शिकवायचं म्हणून खोट्या पेट्या मांडल्या, आणि खोटे उमेदवार म्हणून उभे केले गुलाबराव आणि नायब तहसीलदारांचे स्वयंपाकी. सारी कचेरी त्यातच. गुलाबराव दणदणीत निवडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीस माणसं. "गुलाबराव कुठी हाय? निवडून आले ना? मंग आमच्या गल्लीत नळ कवा येते?"

गुलाबराव आठ दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते. सरावाच्या त्या रात्रीच मायनं मला पाटावर बसवलं आणि ताट काही वाढलं नाही.

"गुलाबरावले निवडून द्याले साऱ्या कचेरीले वेळ हाय. माहं नाव लिहाले नाही. परवा मुदत संपते, मले मालूम हाय. मी आता नाही येत. राहू दे तुहं मत तुह्यापाशी."

 

*

नाही येत म्हणाली होती, तरी शेवटच्या दिवशी माय आली. टोपली डोक्यावरच होती, सरळ बाजारातून. कचेरी बंद व्हायला अर्धा तास. खिडकीशी वानखडे, शेजारी साहेब. मला नियमानं दहा हात लांब उभं केलेलं, चोरासारखं!

वानखडे म्हणाला, "काकू, नाव?"

"वेणू."

असं पटकन सांगितलं. मी चोवीस वर्षांचा होतो, आणि मायचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते सरकारी खिडकीतून, दहा हातांवरून. मला इतकी लाज वाटली की तिथून निघून जावंसं वाटलं.

प्रोफेसर मध्येच म्हणाले, "भगिनी, हे माहेरचं नाव की सासरचं?"

"सासरचं कोनाले याद नाही. याच्यानंच काम चालवा."

"आणि यजमानांचं नाव?"

मायनं डोक्यावरची टोपली सावरली. साहेबानं रकान्यावर बोट ठेवलं. घड्याळ पुढं चाललेलं. रांगेतल्या बाया कुजबुजायला लागल्या, "उखाणा घे ना वो!"

"भाजीची टोपली डोक्स्यावर घिऊन उखाणा घेऊ? मांडव घातला का इथं?" माय साहेबाकडे वळली. "काहून रे बाप्पा, मत मी देऊन राहिली का थे देऊन राहिले?"

साहेबानं प्रोफेसरांना विचारलं, काय म्हणाली? प्रोफेसरांनी या खेपेला फक्त एक वाक्य सांगितलं. साहेबाचं बोट रकान्यावरून निघालं. वानखडेनं हळूच माझ्याकडे बघून "महादेव" लिहून टाकलं, आणि शिक्का मारला.

*

मतदानाचा दिवस. पेठेतल्या शाळेत केंद्र. मी साहेबाच्या दिमतीला होतो, म्हणून दारातच उभा. मायनं नवं लुगडं नेसलेलं, पाठीमागं बायांची ही रांग.

नियम असा की यादीतलं नाव उमेदवारांच्या माणसांना ऐकू जाईल असं मोठ्यानं पुकारायचं. टेबलावरचा मास्तर सकाळपासून ओरडून घसा बसलेला. त्यानं पुरवणी यादीवर बोट फिरवलं आणि पुकारलं, "वेणूबाई महादेव!"

माय जागची हललीच नाही.

मास्तर म्हणाला, "अहो बाई, तुम्हीच ना? बोट पुढं करा, शाई लावायची आहे."

ती तशीच उभी. मागच्या बाया ढकलायला लागल्या.  आता काय राहिलं? नाव आहे, शिक्का आहे, इतकी वणवण झाली! साहेब पुढं झाला, वही उघडली, प्रोफेसरांना म्हणाला, विचारा त्यांना काय अडचण आहे.

प्रोफेसरांनी विचारलं.

माय मास्तराकडे पाहत म्हणाली, "अजून एक डाव घ्या."

"काय घ्या?"

"नाव."

मास्तरानं एकदा साहेबाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुर्ची मागं सारून उठला, आणि पार रस्त्यावर ऐकू जाईल असा ओरडला, "वेणूबाई महादेव!"

"हां," माय म्हणाली. "आता सरका. जाऊ द्या आत."