आमच्या ओट्याचं भोक

ग्रॅनाइट सुकल्यावर आटत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या मूर्तींचे साचे बनवतो. शाडू ओला असतो तोवर फुगलेला दिसतो आणि सुकला की आटतो. म्हणून साचा नेहमी हवा त्यापेक्षा थोडा मोठा धरायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे माझा हात आता आपोआप मोठं माप घेतो. (शिंप्याकडे स्वतःच्या शर्टाचं मापही मीच सांगतो. तो शर्ट सध्या आमच्या फ्रिजला झाकण म्हणून आहे.)

आमचं स्वयंपाकघर एवढंसं आहे. ओट्याच्या एका टोकाला सिंक, दुसऱ्या टोकाला भिंतीतून बाहेर आलेला बिल्डिंगचा खांब. या दोघांच्या मधे सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तीन बर्नरचा हॉब, म्हणजे ओट्याच्या भोकात बसवायची काचेची शेगडी, हवा होता. पंधरा वर्षं दोन बर्नरच्या शेगडीवर काढल्यावर ही मागणी काही जास्त नव्हती. त्यासाठी ओट्यावर नवा ग्रॅनाइट आला. तिनं माहेरी, रोह्याला जाऊन आईसोबत तो निवडला होता. हिरवट, बारीक ठिपक्यांचा. दुकानात त्या रंगाचा तेवढा एकच तुकडा उरला होता, आणि रविवारी तिच्या माहेरची आठ माणसं नवा ओटा बघायला आणि जेवायला येणार होती.

"भोकाचं माप मिस्त्रीला घेऊ द्या," सुनंदा म्हणाली.

"अगो, गणपतीच्या सोंडेचा बाक मी डोळे मिटून काढतो. चौकोनी भोकाला मिस्त्री कशाला?"

मी हॉबची काच पुठ्ठ्यावर उपडी ठेवली, कडेनं पेन्सिल फिरवली आणि सवयीनं चहूबाजूंनी बोटभर जास्त धरून पुठ्ठा कापला. तो घेऊन रोह्याला गेलो. दगड कापणारे गफूरभाई बरीच वर्षं आखातात काम करून आलेले. त्यांनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला.

"दादा, हॉब केवढा हाय?"

"एवढाच. थोडा कमी."

"मग तो बसंल कशावर?"

"गफूरभाई, माझा हातखंडा हाय यात."

"तुमचा दगड, तुमचा हात," असं म्हणून त्यांनी मशीन चालू केलं.

शुक्रवारी ग्रॅनाइट टेम्पोनं आला आणि मिस्त्रीनं तो पक्का बसवला. भोकाच्या पुढे शाळेतल्या पट्टीच्या रुंदीएवढाच दगड उरला होता. मिस्त्रीनं जाताना त्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मी आणि सुनंदानं दोन्ही बाजूंनी हॉब धरला, मी "एक, दोन, तीन" म्हटलं आणि आम्ही तो अलगद खाली सोडला.

तो गेला.

म्हणजे बसला नाही, गेलाच. सरळ खालच्या कपाटात, पोह्यांच्या पिशवीवर! नशीब पिशवी भरलेली होती, काच वाचली. आम्ही दोघं वरून भोकात डोकावत होतो, विहिरीत पडलेली कळशी बघावी तसे.

"हॉबची काच ओट्यावर टेकायची असते ना?" सुनंदानं शांतपणे विचारलं.

"व्हय."

"म्हणजे भोक काचेपेक्षा लहान हवं."

"व्हय."

"मग तुम्ही मोठं का धरलं?"

"सुकल्यावर आटेल म्हणून," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

तिनं बोटानं दगडावर टकटक केलं. मग म्हणाली, "दगड सुकायची वाट बघू या का? रविवारपर्यंत?"

मी वरच्या मजल्यावरच्या किशोरला बोलावलं. तो डोलवीच्या कंपनीत वेल्डर, नुकताच शिफ्ट करून आलेला. त्यानं भोकात हात घालून बघितला.

"काका, भोक मोठं करायचं असेल तर सांगा. लहान करायचं मशीन आमच्या कंपनीत पण नाय."

पण पोरगा गुणी. शनिवारी सुट्टीच्या दिवशी त्यानं स्टीलच्या पट्टीची चौकट करून आणली. ती बाहेरून दगडावर टेकली, आत हॉब तिच्यावर टेकला. घट्ट बसला. सुनंदानं तीनही बर्नर एकदम पेटवले, बंद केले, पुन्हा पेटवले. त्या रात्री माझ्याशी दोन वाक्यं बोलली.

रविवारी सासूबाईंनी ओट्यावरून हात फिरवला आणि चौकटीपाशी थांबल्या.

"ही गो काय?"

सुनंदा भाजी परतत होती. तिनं मानही वळवली नाही. "ओटा तापू नये म्हणून बसवलीय आई. यांची कल्पना."

"बघा," सासूबाई घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जावईबापूंनी डोकं लावलंन. आमच्याकडे पण नवा हॉब घ्यायचा हाय. अश्शीच पट्टी पायजे."

सगळे गेल्यावर सुनंदा म्हणाली, "आता आईकडे पण भोक मोठं पाडा, नायतर पट्टी बसायची कुठं?"

पुढच्या महिन्यात मी किशोरकडून दुसरी चौकट करून घेतली आणि बोटभर मोठा पुठ्ठा गफूरभाईंना नेऊन दिला. या वेळी चूक मुद्दाम होती. पण गफूरभाई आता मला ओळखून होते. त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला आणि सासूबाईंच्या घरी जाऊन स्वतः टेप लावली.

हॉब एका फटक्यात बसला. मी चौकट हातात घेऊन उभा.

तेव्हापासून सासूबाई माझ्याशी तुटक बोलतात. लेकीच्या ओट्याला पट्टी लावली आणि सासूच्या वेळी हात आखडता घेतला, असं त्यांनी अख्ख्या आळीत सांगितलंय. मी ऐकून घेतो. कंजूष जावई म्हणून रोह्यात फिरता येतं. दगड सुकायची वाट बघणारा म्हणून फिरणं जरा अवघड आहे.