स्वागताच्या दिवशी उभा राहिलो

आमच्या सांगोल्याच्या शाळेत शिस्त अशी, की पुढचा बाक उभा राहिला की मागच्यांनीही उठायचं आणि ‘बसा’ म्हणेपर्यंत बसायचं नाही. तीच शिस्त घेऊन मी सोलापूरच्या कॉलेजात गेलो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मला सायन्सला प्रवेश मिळाला होता. पुढं जनावरांचा डॉक्टर व्हायचं, हे माझं आणि वडिलांचं पक्कं ठरलेलं. आमची मेंढरं दर साल कसल्या ना कसल्या रोगानं पटापट मरायची आणि आम्ही नुसते बघत बसायचो.

नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला हॉलमध्ये पताका लावल्या होत्या. प्रत्येकाच्या हातात एकेक गुलाब दिला. मग एक प्राध्यापक अर्धा तास इंग्रजीत बोलले. मला त्यातलं ‘वेलकम’ तेवढं कळलं. बोलता बोलता त्यांनी काहीतरी विचारलं आणि पुढच्या रांगेतली दोन-तीन मुलं उभी राहिली. मी लगेच उठलो. शेजारी नातेपुत्याचा एक मुलगा होता, तोही उठला. शहरातली बाकीची मुलं खुशाल बसून. काय ही बेशिस्त, असं मला वाटलं! कारकून वही घेऊन आला, तेव्हा मी वडिलांच्या नावासकट माझं नाव खणखणीत आवाजात सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बोर्डावर माझं नाव आर्ट्सच्या यादीत होतं. सायन्सला मुलं जास्त झाली होती. ज्यांना आपखुशीनं आर्ट्सला जायचंय त्यांनी उभं राहावं, असं त्या प्राध्यापकांनी म्हटलं होतं. मी ऑफिसात जाऊन हातापाया पडलो.

“उभा तूच राहिलास ना?” कारकून म्हणाला. “मग आता रडतोस कशाला? भरली तुझी जागा.”

कुणी भरली, ते काही सांगितलं नाही. तेवढं एक वाक्य मराठीत बोलले असते तर त्या प्राध्यापकांची जीभ झिजली असती का? तो राग अजून गेलेला नाही. आणि घरी यातलं अक्षरही सांगितलं नाही, म्हणून स्वतःचा तर त्याहून जास्त राग येतो.

दिवाळीला गावी गेलो. वडिलांनी एक आजारी मेंढी माझ्यापुढं आणून धरली.

“बघ की रं, काय झालंय हिला?”

मी तिचं तोंड उघडलं, डोळे पाहिले, पोटाला कान लावला. कळल्यासारखी मान हलवली. संध्याकाळी मेंढी मेली.

वडील माझीच समजूत घालत म्हणाले, “असू दे. आत्ता कुटं सुरवात हाय तुजी. पुढच्या साली कळंल की.”