कीबोर्डसमोरची खुर्ची

आमच्या ऑफिसात नवं कार्पेट घातलंय. त्याच्या वासानं सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबलाही असाच वास असायचा. चपला बाहेर काढून आत जायचं, की एसीनं पाय गार पडायचे.

एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघं. कीबोर्डवर कायम निखिल. मला आणि फरीदाला म्हणायचा, "तुमचं अक्षर छान आहे, जर्नल तुम्ही लिहा." मला ते कौतुकच वाटायचं. लोणी काळभोरच्या आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. घरी कॉम्प्युटर कुठला असणार? परीक्षेत मात्र प्रत्येकानं एकट्यानं प्रोग्रॅम करायचा होता, आणि परीक्षा आठवड्यावर आली होती.

त्या दिवशी मी आधीच येऊन कीबोर्डसमोरच्या खुर्चीत बसले.

"ऊठ गं," निखिल म्हणाला. "तुला एकेक अक्षर सापडेपर्यंत तास संपेल."

फरीदानं त्याच्यापुढे पेन धरलं. "मग आपण जर्नल लिहा. आपलं अक्षर बघायचं राहूनच गेलंय."

मी एका बोटानं टाइप करत होते. मागे त्याचे सुस्कारे ऐकू येत होते. कान तापले होते. दर ओळीला वाटायचं, उठावं, देऊन टाकावी जागा. आज नवल वाटतं, माझ्याच खुर्चीत मी पाहुण्यासारखी बसले होते.

तास संपला तेव्हा प्रोग्रॅम अर्धाच झाला होता.

"झालं समाधान?" निखिलनं विचारलं.

"परीक्षेपर्यंत इथं मी आणि फरीदाच बसणार," मी म्हणाले. आवाज इतका कापत होता, की ते मला पुन्हा एकदा म्हणावं लागलं.