दौलत सरांनी पुन्हा मोजलेली हद्द

फोन काकूंचा, दौलत सरांच्या बायकोचा होता. मी नार्नूरकडच्या एका शेतात मोजणीचं यंत्र लावून उभी होते, ऊन डोक्यावर आलं होतं. "सर गेले तुझे," एवढंच त्या बोलल्या. मी फोन ठेवला आणि उरलेले चार कोन मोजूनच यंत्र उतरवलं. सरांनीही तेच केलं असतं असं आता म्हणता येईल, पण खरं म्हणजे मला दुसरं काही सुचलंच नाही. त्याला पाच आठवडे झाले...

दौलत सर आदिलाबादच्या मोजणी कार्यालयात माझे वरिष्ठ. आम्हा दोघांची घरं शेतमजुरांची. ज्या जमिनींवर आपले आईबाप रोजाने राबले त्यांच्याच हद्दी आपण आखतो, यावर ते कधीतरी हसायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, एवढं महागाचं यंत्र, ते खरंच सांगणार. सरांनी पहिल्याच आठवड्यात ही समजूत मोडली. पेटीवर छापलेली अचूकता नव्या यंत्राची असते, म्हणाले. आपलं यंत्र जीपमधून आदळत येतं, तिपाई काळ्या मातीत रुतते, समोर खुणेवर उभा माणूस, यंत्राने जिच्यावर नेम धरायचा ती आरशाची काठी जराशी तिरपी धरतो. म्हणून एकच कोन ते अनेकदा मोजायला लावायचे आणि आकड्यांत किती फरक पडतो ते बघून यंत्राची, तिपाईची, काठीची चूक किती धरायची ते ठरवायचे. गावभरच्या खुणांचं जाळं संगणकावर जुळवताना हाच अंदाज आधी भरावा लागतो. "चूक कमी धरली तं चांगलं काम बी नापास होते," ते म्हणायचे, "अन् जास्त धरली तं खोटं काम बी पास."

यातलं दुसरं वाक्य ते कुठून शिकले, हे मला उशिरा कळलं.

भीमपूर मंडळातल्या एका गावाची मोजणी त्यांनी मी येण्याआधी केली होती. वरून घाई होती आणि जाळं जुळत नव्हतं. सरांनी चूक किती धरायची ती मुभा थोडी वाढवली, संगणकाने काम पास केलं, नकाशा गेला. पुढे एकदा जुन्या काठ्या तपासताना एकीची, काठी सरळ आहे का ते दाखवणारी पातळी बिघडलेली निघाली. बुडबुडा मधोमध, काठी मात्र कललेली. सरांनी जुनी नोंदवही काढून बघितली. भीमपूरला हीच काठी होती. तिथे दोन घरांच्या बोळात जेमतेम पंधरा पावलांचं एक अंतर होतं. इतक्या जवळून काठी दोन बोटं कलली तरी कोन बिघडतो, आणि तोच बिघाड पुढे शेतापर्यंत हातभर होतो.

रविवारी आम्ही दोघं बसने गेलो, दुसरी काठी घेऊन. हद्द खरंच हातभर सरकली होती, आणि त्या हातभरात गिरजाबाईंच्या विहिरीचा काठ शेजाऱ्याकडे गेला होता. गिरजाबाई एकट्या, भाजी पिकवून बाजारात विकणाऱ्या. शेजाऱ्याने नकाशा दाखवला, कुंपण घातलं, त्यांची मोटर उचलायला लावली. तीन वर्षं वांगी नाहीत, मेथी नाही; त्या दुसऱ्यांच्या कापसात वेचणीला जात होत्या.

सर आपल्या चुकीचा अहवाल लिहायला बसले. कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना समजावलं की मिसल, म्हणजे त्या गावची फाइल, बंद झाली आहे, कुणाची तक्रार नाही, रिटायर व्हायची वेळ जवळ आली आहे. मलाही राहवलं नाही. "सर, चूक काठीची. तुमी आपलं नाव काऊन लिहून राह्यले?"

त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. "काठी तं काठीच आहे. मुभा मी वाढवली होती."

मेमो आला, बढती थांबली, आणि वर्षभर खेटे घातल्यावर हद्द दुरुस्त झाली. नवा नकाशा द्यायला आम्हीच गेलो. गिरजाबाईंनी पाणी दिलं, कागदाकडे फारसं पाहिलं नाही. "विहीर तं आली साहेब," त्या म्हणाल्या, "पण गेले ते वर्सं कोणत्या काठीनं मोजसान?" आवाजात राग नव्हता... असता तर बरं झालं असतं. सरांनी हात जोडले. वाफे धरायचा जोर आता अंगात नाही, असं सांगून काही महिन्यांनी त्या भैंशाला लेकीकडे निघून गेल्या. सरांच्या कामात ढिलाई आली नाही, पण माणूस त्यानंतर दमलेलाच दिसायचा. रिटायर झाल्यावरही विश्रांतीने तो शीण उतरला नाही. हृदय कमजोर झालं आहे हे कळलं तेही उशिरा.

परवा काकूंकडे गेले. घराला रंग चालला होता. स्वयंपाकघराची चौकट तेवढी सोडायला त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं होतं. तिच्यावर आधी मुलीची, मग नातीची उंची पेन्सिलीने आखलेली. दर वाढदिवसाला तीन रेघा, एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या, कारण सर पोरीला तीनदा उभं करायचे. सगळ्यात वरच्या तारखेपुढे मात्र एकच रेघ होती.

"त्या दिशी लई दमले होते," काकू म्हणाल्या. "म्हणे, राह्यलेल्या दोन उद्या काढू."

मी नातीला हाक मारली, चौकटीला पाठ टेकवून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरून रेघ ओढली. तिला बाजूला केलं, पुन्हा उभं केलं, दुसरी ओढली. दोन्ही रेघा सरांच्या रेघेच्या किंचित वर पडल्या. पोरगी तेवढ्या दिवसांत वाढली, की माझा हात चुकला... मला सांगता येईना. मी त्या तशाच ठेवल्या.