पाटीवरची साय

"मॅडम, ही पाटी आहे की दुधाचं पातेलं?" साहेबांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. कोरीव सागवानी पाटीवर आम्ही आदल्या संध्याकाळी इपॉक्सीचा पारदर्शक थर दिला होता. सकाळी त्यावर पांढरट साय! बोट लावलं तर तेलकट.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत बोटी बांधणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये केमिस्ट होते, साहेब त्याचे मालक. इपॉक्सी म्हणजे दोन डबे. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दुधाला विरजण लावावं तसा हार्डनर मिसळला की रेझिन घट्ट होतं, काचेसारखं चमकतं. मात्र एकदा घट्ट झालं की पुन्हा पातळ होत नाही.

पाटी होती दाभोळच्या जनाबाईंच्या नव्या बोटीच्या नावाची. आमचे सुतार आत्मारामकाका दोन महिने ती कोरत होते. अक्षरांभोवती मासे, माशांना खवलेसुद्धा. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती, आणि "व्हार्निश नको, इपॉक्सी लावू" असं सुचवणारी मीच.

साहेब पाटी न्याहाळत होते, नेमक्या तेव्हाच जनाबाई एसटीने येऊन थडकल्या.

"अगो बाय! बुरशी धरलीन की हिनं! बोटीवर लावू की लोणच्याच्या बरणीवर?"

"ग्राइंडर लावा. थर काढून टाका," साहेब म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. "थर जाईल साहेब, पण मासे पण जातील."

मी दुपारपर्यंत वेळ मागून घेतला.

एका कोपऱ्यात थिनर लावून पाहिला. साय आणखीच पसरली. मग ओला लाल लिटमस कागद टेकवला. तो निळा झाला. हार्डनर अल्कधर्मी असतो, म्हणजे ही साय हार्डनरची होती. वरच्या थरातला थोडा हार्डनर रेझिनशी जुळण्याऐवजी हवेशी जुळला होता.

पण दोष पावसाळी दमटपणाचा म्हणावा, तर त्याच मिश्रणाचा एक नमुना मी माझ्या टेबलावर ठेवला होता. तो लख्ख होता. म्हणजे गडबड पाटी ठेवलेल्या मागच्या खोलीतच झाली होती.

"रात्री त्या खोलीत कोण गेलं होतं?" साहेब गरजले. जो तो आपापली हत्यारं आवरू लागला. काका तर छताकडेच बघत बसले.

मी काकांना बाजूला नेलं. "काका, पाटीची काळजी कशी घेतलीत हो?"

काकांची कळी खुलली. "तुम्हीच म्हणालात ना बाई, उबेत ठेवा? दारं-खिडक्या बंद केल्या. पाटी बाजेवर ठेवली नि खाली करवंट्यांच्या निखाऱ्यांच्या दोन शेगड्या. आमच्या सुनेला बाळंतपणात दिली नव्हती एवढी ऊब दिली!"

निखाऱ्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि बंद खोलीतला दमटपणा. हार्डनरला बिघडायला एवढं पुरेसं होतं. काका त्या खोलीत झोपले नव्हते, हे आमचं नशीब; निखाऱ्यांच्या विषारी वायूने गुदमरलेच असते.

ही साय थिनरला दाद देत नाही, पण पाण्यात विरघळते. मी कोमट पाणी आणि काथ्या मागवला.

"एवढं शिकून शेवटी भांडीच घासायची ना?" जनाबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच घासायला बसल्या. तासाभरात एकेक खवला दिसू लागला. काका प्रत्येक माशाशी वाकून खात्री करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाने उघडीप दिली. कोरड्या पाटीवर हलका पॉलिशपेपर फिरवून दुसरा थर दिला. उबेसाठी शंभर वॅटचे दोन बल्ब टांगले. सकाळी साहेबांनी पाटीत बघून भांग सारखा केला.

नारळी पौर्णिमेला पाटी बोटीवर चढली.

त्यानंतर मी दोन नियम पाळले. सूचना देताना "उबेत ठेवा" म्हणून थांबायचं नाही, ऊब कशाची तेही सांगायचं. आणि काम बिघडलं की "कोणी केलं?" असं विचारायचं नाही. "काळजी कशी घेतली?" असं विचारायचं. माणसं चूक लपवतात, काळजी मात्र तपशीलवार सांगतात.