घळीपलीकडचा रातवा

लोकांना गप्प बसवणं हा ज्याचा धंदा, त्याच्या तोंडाचा पट्टा घरी मात्र कधी थांबत नसे. जंगलाच्या फाटकापाशी राहणाऱ्या या गाईडला सगळे गप्पबसे म्हणत. आडनाव नव्हे ते. टेकडी चढताना तो दर थोड्या वेळाने मागे वळून "गप्प बसा" म्हणायचा, आणि तेही असं, की समोरच्याला आपल्या श्वासाचीसुद्धा लाज वाटावी.

पर्यटकांना तो गुरं समजायचा. शहरातून यायचं, गळ्यात दुर्बीण अडकवायची आणि रातवा पाहिजे म्हणायचं! रातवा हा वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी. दिवसभर जमिनीवर बसून असतो, पायाखाली आला तरी दिसत नाही. संध्याकाळी चक् चक् ओरडतो, तेव्हाच काय तो कळतो. मग घळीच्या काठावर अंधार पडू लागला की गप्पबसे सर्वांना खाली बसवायचा आणि खिशातला फोन हळूच दाबायचा. रातव्याचा आवाज व्हायचा, गुरं थरारायची. वर हाच माणूस उतरताना त्यांना बजावायचा की जंगलात पक्ष्यांचे आवाज वाजवणं पाप आहे. आवाज ऐकला की नराला वाटतं दुसरा कुणी हद्दीत घुसला, तो अंड्यांवरून उठून भांडायला धावतो, आणि उघड्यावरची अंडी कावळ्यांच्या तोंडी जातात. माहिती शंभर टक्के बरोबर. लाज तेवढी नव्हती.

तो आवाज त्याने स्वतःच फोनवर टिपला होता. लग्न नवं होतं, बायकोला घेऊन तो याच काठावर आला होता. रातवा मनापासून ओरडला, आणि नेमकं शेवटी बायकोला शिंका आल्या. दाबून दाबून तीन, आणि वर एक "अगं बाई". तेव्हा तो हसला होता. आता आवाज वाजवताना त्या शिंकेच्या आधी त्याचा अंगठा आपोआप उचलला जायचा.

या हंगामात घळीपलीकडून रोज उत्तर यायचं. गप्पबसे खूश होता. पक्षी टिकून आहेत म्हणजे आपलं काही चुकत नाही, असं त्याने स्वतःला पटवून टाकलं होतं.

अशात अभ्यासवाल्या बाई आल्या. निसर्ग पर्यटन आणि त्यात गाईडची भूमिका, असा त्यांचा विषय. जंगलाची आतली वाट वनखात्याला एकाच गाईडच्या हाती द्यायची होती, आणि तो कोण हे बाईंच्या शब्दावर ठरणार होतं. उरलेल्यांनी पार्किंगमध्ये गाड्या लावाव्यात. गप्पबसेचा जीव त्या वाटेत अडकला होता. त्याहून जास्त तो यात अडकला होता, की ती मेहुण्याला मिळू नये. बायकोचा हा भाऊ गाईडच होता. गप्पबसेच्या मते तो आळशी आणि मठ्ठ होता आणि त्याला घार आणि कावळ्यातला फरक कळत नव्हता.

बाई विचारायच्या, "तुम्ही स्वतःकडे कसं बघता?"

"निसर्ग आणि पर्यटक यांच्यातला दुवा म्हणून," गप्पबसे सांगायचा. 'दुवा' हा शब्द मागच्या अभ्यासवाल्याने शिकवला होता. बाईंना तो फार आवडला. शिकलेल्या माणसाला त्याचाच शब्द परत दिला की तो विरघळतो, हे गप्पबसेने कधीच हेरलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी बाई घोळक्याबरोबर काठावर आल्या. वारा पडला होता. गप्पबसेने खिशात अंगठा दाबला, वेळेवर उचलला. पलीकडून उत्तर आलं, नेहमीपेक्षा मोठ्याने. चक् चक् चक्. बाईंनी त्याचा दंड धरला. "दुसरा नर!"

आणि मग, अगदी स्पष्ट, घळीपलीकडून तीन दाबलेल्या शिंका आल्या. पाठोपाठ "अगं बाई".

गप्पबसेने खिशातला फोन चाचपला. तो बंदच होता.

"बघा, तिकडे कुणी बायका आहेत," बाई चिडून म्हणाल्या. "त्यांना गप्प बसवणारा गाईड नाही. हाच तर फरक आहे!"

खरं बोलायची वेळ होती तर ती हीच. गप्पबसेने बाईंकडे बघून मान डोलावली.

घरी येऊन मात्र तो बायकोवर तुटून पडला. "तो आवाज तू त्याला दिलास?"

"दिला. मागितला त्याने. भाऊ आहे माझा," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "नवीन मोठा स्पीकरही घेतलाय म्हणे. का, काय झालं?"

त्याने सांगितलं. तिची घडी अर्धीच राहिली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघंच एकमेकांना ओरडत होतात?" ती आधी हसली. मग हसू मावळलं. "अहो, मग खरा कधी ऐकलात शेवटचा?"

गप्पबसे उठून दारात गेला आणि जंगलाकडे कान देऊन उभा राहिला.

आतली वाट गप्पबसेलाच मिळाली. मेहुणा पार्किंगमध्ये गाड्या लावू लागला. बाई आपल्या पाहुण्यांना रातवा दाखवायला घेऊन येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी गप्पबसे एकटाच आत गेला. फोन न वाजवता बसून राहिला. काहीच नाही. मग वाजवला. पुन्हा वाजवला. एकदा तर शिंकांसकट पूर्ण वाजवला. घळीतून काहीही आलं नाही. तेव्हा त्याला खरंच रडू फुटलं. पण पाहुणे उद्या यायचे होते. त्याने नाक पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला आपणहून फोन लावला.

"दाजी? तुम्ही?"

"उद्या संध्याकाळी पलीकडच्या काठावर जा. स्पीकर घेऊन जा."

 मेहुण्याचा आवाज बारीक झाला. "म्हणजे दाजी, मला उत्तर द्यायचा तो तुम्ही होता? मी तर ताईला सांगत होतो, एक तरी राहिलाय म्हणून."

"गप्प बस," गप्पबसे म्हणाला. "आणि शिंकेच्या आधी बंद कर."