बिनभट्टीची पहिली धार

अनुप ढोबळे इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायचा पगार घ्यायचा. आपण स्वतः जन्मात काहीच बनवलेलं नाही, हे त्याला पस्तिशीपर्यंत कधी खटकलं नव्हतं. खटकायला लावलं सासऱ्यांनी. लग्नाला सहा वर्षं झाली तरी उल्हासराव काळमेघ दर फोनवर तेच विचारत, "ते सारं ठीक आहे जी, पण तुम्ही बनवता काय?"

उल्हासराव वर्ध्याचे. दारूबंदीच्या जिल्ह्यात एक्साइज इन्स्पेक्टर म्हणून हयात गेली. धुराचा वास घेऊन आत मोह आहे की गूळ, हे शेताच्या बांधावरून सांगायचे म्हणे. असा हा माणूस २००९च्या जानेवारीत मुलीकडे राहायला आला, आणि नेमकं त्याच आठवड्यात अनुपने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बनवलं. दारू.

चूक केनची. शेजारच्या या म्हाताऱ्याची सफरचंदं कुंपणावरून अनुपच्या लॉनवर पडायची. बायकोने, वैभवीने, त्यांचा मुरंबा केला, चटणी केली, शेवटी हात टेकले. उरलेल्यांची केनने अनुपला सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू, घालायला शिकवली. ती शेडमध्ये तीन महिने बुडबुडत बसली. मग जानेवारीत पारा उणे दहावर गेला आणि केनने आजोबांची सॉमरसेटची रीत सांगितली. पाणी गोठतं, दारू गोठत नाही. प्लॅस्टिकच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून रात्रभर बाहेर ठेवायच्या, सकाळी भांड्यावर उपड्या करायच्या. टिपटिप गळेल ते आपलं, आत राहील तो बर्फ फेकायचा. गळलेलं पुन्हा थंडीत. जाळ नाही, धूर नाही, काही नाही.

"बाबा आहेत तोवर हे धंदे बंद," वैभवीने बजावलं. "त्यांना कळलं तर मी तुला ओळखत नाही."

शनिवारी सकाळी उल्हासराव माकडटोपी घालून बागेत शतपावलीला निघाले आणि शेडपाशी थबकले. नाकपुड्या फुलल्या.

"वैभू! इथं भट्टी चालू आहे."

"काहीतरीच बाबा! इथे पापड भाजला तरी अलार्म वाजतो."

पण इन्स्पेक्टर जागा झाला होता. काजळी, नवसागर आणि नळी, तिन्हींचा शोध सुरू झाला. जिन्याखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. बॉयलरवर तर चांगली पाच मिनिटं संशय होता. अनुप आज्ञाधारकपणे टॉर्च धरून मागे. आरोपीने पोलिसाला उजेड दाखवावा, असं दृश्य. शेवटी शेडमध्ये सहा बाटल्या सापडल्या, पिवळसर बर्फाच्या. त्यांच्याशेजारी 'लॉनमोवर ऑइल' असं लेबल लावलेली बरणी होती, पण तेलाशी उल्हासरावांना कर्तव्य नव्हतं.

"हा माल," ते बर्फाकडे बोट दाखवत म्हणाले. "चक्का फडक्यात राहते अन् पाणी गळून जाते. आम्हाला शिकवू नका."

पंच म्हणून केनला बोलावलं. कुठल्या वारी कुठला कचरा नेणार हे सांगणाऱ्या कौन्सिलच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पंचनामा लिहिला: 'मुद्देमाल, पिवळसर बर्फ, सहा नग.' बाटल्या रेडिएटरवर ठेवल्या. तासाभराने उल्हासरावांनी चमचाभर चाखलं. चाखणं हा ड्यूटीचा भाग.

"हट्! सफरचंद विसळलेलं पाणी आहे हे." त्यांनी चमचा खाली ठेवला. "सुटले तुम्ही. निर्दोष. म्हटलं एखादवेळी जावयाने खरंच काही बनवलं असंल. जाऊ द्या."

वैभवीने केवढा तरी श्वास सोडला. अनुपचे मात्र कान तापले. पाणी! विसळलेलं! तीन महिने बुडबुडे मोजले, तीन पहाटा थंडीत बाटल्या उपड्या केल्या, आणि हा निकाल? वैभवी डोळे वटारत असताना तो सपाता घालून शेडकडे पळाला आणि बरणी आणून टेबलावर आपटली.

"बाबा, बर्फ फेकायचा असतो. माल हा आहे."

उल्हासरावांनी लेबल वाचलं. झाकण उघडलं. थेंब तळहातावर चोळून हुंगला. मग चमचा. डोळ्यांत पाणी आलं. माकडटोपी काढली.

"जाळ?"

"नाही."

"नळी?"

"नाही. नुसती बाटली उपडी."

"म्हंजे आधी गळंल ते..."

"सगळ्यात कडक. नंतर पाणचट होत जातं."

उल्हासराव खिडकीबाहेरच्या पांढऱ्या बागेकडे पाहत राहिले. "बाप्पा! तीस वर्षं मी धूर शोधत फिरलो," ते म्हणाले. "वर्ध्याला अशी थंडी नाही म्हणून नोकरी टिकली म्हणायची." आणि ते हसायला लागले. इतके, की खुर्ची कुरकुरली, केन कारण न कळता हसू लागला, आणि ओळख नाकारणार होती ती वैभवीही टेबलाला धरून खाली बसली.

हसू ओसरल्यावर त्यांनी पेन मागवलं, 'पिवळसर बर्फ' खोडलं आणि खाली लिहिलं: 'पहिल्या धारेची. बनवणारे, जावईबापू.' सही, तारीख. केनने विचारलं, पंचांना चाखायला मिळत नाही का?

अनुपने तो पंचनामा फ्रिजवर लावला, अर्थातच लिखाणाची बाजू वर करून. पुढे वर्षभर त्या घरात कुठल्या मंगळवारी कचऱ्याचा कोणता बिन बाहेर काढायचा, हे कोणालाच कळलं नाही.